चेहरा बदललेल्या बायका आणि डॉ. कुशिंग

१९१० सालचा डिसेंबर संपत आला होता. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २३ वर्षांची एक मुलगी दाखल झाली. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातली. उंची जेमतेम पावणेपाच फूट. चेहरा चंद्रासारखा गोल आणि लालबुंद, पोट सुटलेले, पण अंगात जोर नाही. पोटावर जांभळट वळ, जरा धक्का लागला की अंग काळेनिळे. डोके सतत दुखायचे. पाळी सुरू झाली आणि दोनेक वर्षांत बंद पडली, ती पडलीच. चेहऱ्यावर मात्र केस उगवत होते आणि डोक्यावरचे विरळ होत चालले होते. पुढे तिची हकिगत छापली गेली तेव्हा नाव मिनी जी. एवढेच दिले गेले.

तिला तपासणारे सर्जन होते डॉ. हार्वी कुशिंग, वय ४१. मेंदूच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शास्त्राचे रूप देणारा माणूस म्हणून जग आज त्यांना ओळखते. मिनीला नेमके काय झाले आहे, हे त्यांनाही कळले नाही. पण कळले नाही म्हणून त्यांनी फाइल मिटली नाही. सगळे लिहून ठेवले, फोटो काढून ठेवले आणि पुढची २० वर्षे ती मुलगी डोक्यातून जाऊ दिली नाही. आज ‘कुशिंग सिंड्रोम’ हे नाव एमबीबीएसच्या कोणत्याही विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. ते या मुलीपासून सुरू होते.

मिनी तरुण होती. पण तिच्याकडे पाहून कुशिंग यांना जो प्रश्न पडला, तो पाळी गेलेल्या, पन्नाशी-साठीच्या बाईकडे पाहूनही पडायला हवा आणि बहुधा पडत नाही. बाईच्या चेहऱ्यावर पुरुषासारखे केस येऊ लागतात, तेव्हा आत कुठे काय बिघडलेले असते?

हार्वी कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ चा, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडचा. दहा भावंडांतले शेंडेफळ. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर, पणजोबाही डॉक्टर. येल विद्यापीठातून पदवी घेऊन ते हार्वर्डला वैद्यकीय शिक्षणासाठी गेले. तिथे विद्यार्थी असतानाच एक प्रसंग घडला. त्या काळी ईथर देऊन भूल देण्याचे काम विद्यार्थ्यांकडेच असायचे. कुशिंग यांनी भूल दिलेला एक रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दगावला. मोठ्या डॉक्टरांनी फारसे मनावर घेतले नाही, असे होतेच म्हणाले. कुशिंग यांना वैद्यकी सोडून द्यावीशी वाटली. सोडली मात्र नाही. अर्नेस्ट कॉडमन नावाच्या वर्गमित्राबरोबर त्यांनी एक तक्ता तयार केला. भूल सुरू झाल्यापासून संपेपर्यंत दर काही मिनिटांनी नाडी किती, श्वास किती, हे त्यावर टिंबांनी मांडायचे. आज जगातल्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ जो तक्ता भरतात, त्याचा पूर्वज तो.

या स्वभावाची, म्हणजे झालेली चूक कागदावर उतरवून तिचा पाठलाग करण्याची, पुढे सतत गाठ पडते. हॉपकिन्समध्ये हॉलस्टेड यांच्या हाताखाली ते सावकाश, रक्त न सांडता शस्त्रक्रिया करायला शिकले. १९०० मध्ये युरोपला गेले. इटलीतल्या पाव्हिया गावी त्यांना रिव्हा-रोच्ची यांनी बनवलेले, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र दिसले. ते त्यांनी वहीत चितारून घेतले आणि अमेरिकेत नेले. बोस्टनमधल्या वैद्यकीय मंडळींनी त्याची चाचणी घेऊन, यंत्रापेक्षा डॉक्टरची बोटेच बरी, असा निकाल दिला होता. हा निकाल किती दिवस टिकला, हे प्रत्येकाच्या घरातल्या बीपीच्या गोळ्या सांगतात. मिनी जी. दाखल झाली तेव्हा तिचा वाढलेला रक्तदाब आकड्यात लिहिता आला, तो या पट्ट्यामुळे.

स्वित्झर्लंडमध्ये बर्नला त्यांनी थिओडोर कोखर यांच्याबरोबर काही महिने काम केले. कोखर गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे सर्जन. आपण गलगंड काढला त्या रुग्णांचे पुढे काय झाले, हे पाहायला त्यांनी काही वर्षांनी जुन्या रुग्णांना परत बोलावले होते. आणि ज्यांची ग्रंथी पूर्ण काढली होती, त्यांचे चेहरे सुजलेले, बुद्धी मंदावलेली आढळली. एका छोट्या ग्रंथीवर माणसाचा चेहरा अवलंबून असतो, हे तेव्हा लख्ख दिसले. कुशिंग यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे बीज कदाचित इथेच पडले असावे.

बाल्टिमोरला परतल्यावर ते वळले पिट्युटरीकडे. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या खोबणीत बसलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. मराठीत तिला पीयूषिका म्हणतात. तिचे काम काय, याबद्दल त्या वेळी अंधारच होता. ती काढली तर काय होते, हे कुशिंग आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले. १९०९ मध्ये हाडे वाढत जाणाऱ्या, म्हणजे अॅक्रोमेगालीच्या रुग्णावर त्यांनी पिट्युटरीची शस्त्रक्रिया केली. १९१२ मध्ये या ग्रंथीच्या विकारांवरचे त्यांचे जाडजूड पुस्तक आले. मिनी जी. त्यातच आहे, फोटोसह. तिच्या आजाराला त्यांनी ‘अनेक ग्रंथींचा विकार’ अशा अर्थाचे गोलमोल नाव दिले. दोष पिट्युटरीत आहे, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीत, की अंडाशयात, हे त्यांनी उघड ठेवले. नंतर पाहता, हे उघड ठेवणेच शहाणपणाचे ठरले.

बाईच्या शरीरात पुरुषी संप्रेरके असतात, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यांना अँड्रोजन म्हणतात, टेस्टोस्टेरॉन त्यातलेच. थोड्या प्रमाणात ती प्रत्येक स्त्रीच्या अंगात लागतातच. ती दोन ठिकाणी तयार होतात, अंडाशयांत आणि अॅड्रिनल ग्रंथींत. आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी पाळी जाते. त्या वेळी इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक झपाट्याने खाली येते. अँड्रोजन मात्र तसे एकदम पडत नाही. ते तरुणपणापासूनच हळूहळू कमी होत आलेले असते, आणि पाळी गेल्यावरही अंडाशय ते थोडेफार बनवत राहते. म्हणजे पन्नाशीनंतर तराजूचे एक पारडे एकदम हलके होते आणि दुसरे जवळपास जागेवर राहते. हनुवटीवर चार-दोन राठ केस येतात, वरच्या ओठावर लव जाड होते, ते यामुळे. त्यात आजार नाही. पार्लरमधल्या दोऱ्याचे ते काम.

आजार वेगळा असतो तो वेगाने. सहा महिन्यांत दाढी करावी लागेल इतके केस. फोनवर समोरच्याला पुरुष वाटावा असा जाडा झालेला आवाज. कपाळाकडून मागे हटत जाणारे, टक्कल पाडणारे डोक्यावरचे केस. जननेंद्रियाचा पुढचा भाग मोठा होणे, जे कोणतीही बाई आपणहून सांगत नाही. पन्नाशीनंतर नव्याने आणि भराभर हे होऊ लागले तर त्यामागे अंडाशयातली किंवा अॅड्रिनलमधली गाठ असू शकते, आणि अॅड्रिनलची गाठ कधी कधी कॅन्सरची असते. गाठ नसली तर अनेकदा अंडाशयाच्या आतल्या अँड्रोजन बनवणाऱ्या पेशीच फाजील वाढलेल्या असतात. कधी जुने पीसीओडी तसेच पुढे चालू राहिलेले असते. आणि कधी मूळ मेंदूतल्या त्या वाटाण्यात असते.

बाईच्या दाढीची ही गोष्ट जुनी आहे. हिपोक्रॅटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रीक ग्रंथात, सुमारे २४०० वर्षांपूर्वीची, अब्देरा गावच्या फेथूसा नावाच्या स्त्रीची हकिगत आहे. मुले झालेली बाई. नवरा परागंदा झाला, तिची पाळी थांबली, अंगावर केस आले, दाढी आली, आवाज राठ झाला, आणि थोड्याच काळात ती गेली. त्या वैद्यांना तिची पाळी परत आणण्यापलीकडे उपाय सुचला नाही. १९२१ मध्ये पॅरिसच्या आशार आणि तिएर या डॉक्टरांनी ‘दाढीवाल्या बायकांचा मधुमेह’ असे रोगाचे वर्णन केले. नाव क्रूर आहे, पण निरीक्षण पक्के होते. अँड्रोजन जास्त असलेल्या बायकांत मधुमेहही बरोबर चालतो, हे आता पूर्ण मान्य आहे. इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाले की रक्तात इन्सुलिन वाढते आणि ते वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला आणखी अँड्रोजन बनवायला लावते.

कुशिंग १९१२ नंतर बोस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात गेले आणि तिथे त्यांनी वीस वर्षे काढली. मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया म्हणजे बहुधा मृत्यू, अशी परिस्थिती होती. त्यांनी रक्तवाहिनीला चिमटा लावायला चांदीच्या बारीक क्लिपा काढल्या, १९२६ मध्ये विजेने रक्तस्राव थांबवण्याचे बोव्ही यांचे यंत्र वापरात आणले, आणि त्यांच्या हाताखालचे मृत्यूंचे प्रमाण शेकड्यात दहाच्याही खाली आले. १९३१ मध्ये त्यांनी दोन हजाराव्या मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया केली. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर होते. मेंदूत घुसलेले लोखंडाचे तुकडे ते चुंबकाने काढत. त्यांचे गुरुतुल्य मित्र विल्यम ऑस्लर यांचा एकुलता मुलगा जखमी होऊन आला, तेव्हाही ते तिथे होते. तो वाचला नाही. पुढे ऑस्लर यांचे चरित्र त्यांनी लिहिले आणि त्याला १९२६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

माणूस गोड होता असे कोणी म्हणत नाही. हाताखालच्या डॉक्टरांना ते सोलून काढत, परिचारिका त्यांना घाबरत. घरी पत्नी केट आणि पाच मुले, पण घरात ते पाहुण्यासारखे. १९२६ च्या जूनमध्ये थोरला मुलगा बिल मोटार अपघातात गेला. सकाळी निरोप आला. कुशिंग यांनी पत्नीला कळवले आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी थिएटरमध्ये गेले. याला निष्ठा म्हणायचे की काही तरी बिघडलेले म्हणायचे, ते वाचणाऱ्याने ठरवावे.

याच माणसाने दुसऱ्या वर्षी, १९२७ मध्ये, टाइम साप्ताहिकाला एक पत्र पाठवले. साप्ताहिकात सर्कशीतल्या ‘जगातल्या सर्वांत कुरूप बाई’चे छायाचित्र गंमत म्हणून छापले होते. बाईचे नाव मेरी अॅन बेव्हन. लंडनची परिचारिका. लग्न झाले, चार मुले झाली, आणि तारुण्यातच चेहरा बदलू लागला. जबडा पुढे आला, नाक जाड झाले, हातपाय मोठे झाले. १९१४ मध्ये नवरा वारला. मुलांना जगवण्यासाठी त्या अमेरिकेत जाऊन तमाशाच्या तंबूत बसल्या. लोक तिकीट काढून त्यांना पाहत आणि हसत. कुशिंग यांनी फोटो पाहताच आजार ओळखला, अॅक्रोमेगाली. त्यांनी संपादकांना लिहिले ते असे की, ही बाई पूर्वी चांगली दिसत असे, तिला असह्य डोकेदुखी असणार, दृष्टी जात असणार, आणि एका आजाराच्या विटंबनेला विनोद समजणे एका डॉक्टरला सहन होत नाही. सहकाऱ्यांना रडवणारा सर्जन एका अनोळखी बाईसाठी एवढा चिडला, कारण त्याच्या कपाटात अशा चेहऱ्यांचे शेकडो फोटो होते आणि प्रत्येकामागची हकिगत त्याला माहीत होती.

सर्कशीत त्या काळी दाढीवाल्या बायकाही बसत. आपल्याकडे अशी सर्कस नसेल, पण हसणे असतेच. लग्नकार्यात कुणी तरी कुजबुजते. घरातली नात विचारते, आजी, तू दाढी करतेस का? मग बाई पदर हनुवटीपर्यंत ओढून घेते, पहाटे सगळे उठायच्या आत नवऱ्याचा वस्तरा घेते, आणि दवाखान्यात आली तरी गुडघे दुखतात एवढेच सांगते. कोल्हापूर दरबाराने १८८६ मध्ये अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आपल्या थोरल्या दवाखान्याच्या, स्त्री विभागावर डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली, तेव्हा बाई जे पुरुषापुढे बोलत नाही ते बाईपुढे बोलेल, हा विचार होताच. आनंदीबाई कामावर रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच शहरात बायकांवर उपचार केले. आता स्त्री डॉक्टरांची वाण नाही. तरीही हनुवटीचे केस हा विषय तपासणीच्या टेबलावर क्वचितच येतो. बाई सांगत नाही हे एक. मधुमेहाची चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर मान वर करून चेहरा पाहत नाही, हे दुसरे.

कुशिंग चेहरे पाहत आणि पाहिलेले विसरत नसत. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाने दर वर्षी आपली खुशाली पत्राने कळवावी, असा त्यांचा आग्रह असे. म्हणून मिनी जी. सारख्या रुग्णांचा माग वर्षानुवर्षे राहिला. दरम्यान इतर डॉक्टरांचे अहवाल येत होते. तसाच गोल चेहरा, तसेच जांभळे वळ, तसेच केस, आणि मृत्यूनंतर पिट्युटरीचे पातळ काप करून पाहिले तर त्यात एक लहानशी गाठ, कधी कधी अवघ्या काही मिलिमीटरची. कापांवर रंग टाकला की या गाठीच्या पेशी विशिष्ट रंग धरत. कुशिंग यांनी हे धागे एकत्र केले. १९३२ मध्ये, ब्रिगहॅममधून निवृत्त होण्याच्या सुमारास, त्यांचा तो प्रसिद्ध लेख आला. त्यात १२ रुग्ण होते आणि पहिली अर्थातच मिनी जी. दोष पिट्युटरीतल्या त्या गाठीत आहे, असे त्यांनी आता ठामपणे मांडले.

लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे त्या वेळी टेस्टोस्टेरॉन अजून वेगळे काढताही आले नव्हते. ते काम १९३५ मध्ये अॅमस्टरडॅमला झाले. कॉर्टिसोलचा पत्ता नव्हता. रक्तातली संप्रेरके मोजणारी कुठलीच तपासणी नव्हती. कुशिंग यांच्यापाशी होते ते डोळे, रक्तदाबाचा पट्टा, कॅमेरा, सूक्ष्मदर्शक आणि पत्रे.

सगळेच बरोबर निघाले असे नाही. पिट्युटरीवर त्यांचा जीव होता आणि त्या भरात त्यांनी अॅड्रिनलला दुय्यम केले. आज कळते ते असे. पिट्युटरीतली गाठ एक हुकूम सोडते, त्याचे नाव एसीटीएच. तो हुकूम अॅड्रिनलला पोहोचतो आणि अॅड्रिनल दोन गोष्टी जास्त बनवू लागते, कॉर्टिसोल आणि अँड्रोजन. कॉर्टिसोलमुळे चेहरा गोल होतो, स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, साखर आणि रक्तदाब वाढतो. अँड्रोजनमुळे केस आणि मुरुमे येतात. पण गाठ अॅड्रिनलमध्येच असली, तरी तोच गोल चेहरा दिसू शकतो. तिथे केसांवरून सुगावा लागतो. अॅड्रिनलची साधी गाठ बहुधा फक्त कॉर्टिसोल ओतते, त्यामुळे बाईला केस फारसे येत नाहीत. कॅन्सरची असली तर दोन्ही ओतते आणि केस झपाट्याने येतात. सांधेदुखीवर खात्रीशीर म्हणून बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यात कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते. त्या वर्षानुवर्षे खाणाऱ्या आजीचाही चेहरा असाच गोल होतो, पण बाहेरून आलेल्या स्टिरॉइडमुळे तिची अॅड्रिनल झोपलेली असते, त्यामुळे राठ दाढी येत नाही. अशा आजीने पुडी एका दिवसात बंद करू नये. झोपलेली ग्रंथी एकदम उठत नाही आणि जिवावर बेतू शकते. डॉक्टरला दाखवून हळूहळू उतरवावी.

पाळी गेल्यानंतर दाढी येऊ लागलेल्या बाईच्या तपासण्या आता अवघड नाहीत. आधी तिला शांतपणे विचारायचे की हे कधी सुरू झाले, किती वेगाने, आवाज बदलला का, कोणती औषधे घेते. काही औषधांनीही केस येतात. फिटवरचे व्हॅल्प्रोएट हे त्यातले एक. नवरा अंगाला टेस्टोस्टेरॉनची जेल लावत असेल तर स्पर्शानेही ते तिच्या अंगात जाते. मग रक्तातले टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईएएस पाहतात. दुसरे बहुतांशी अॅड्रिनलमधूनच येते, त्यामुळे ते फार वाढलेले असेल तर बोट तिकडे वळते. बायकांतले टेस्टोस्टेरॉन मुळातच इतके थोडे असते की साध्या पद्धतीचा अहवाल चुकू शकतो, म्हणून शंका आली तर चांगल्या प्रयोगशाळेत पुन्हा करून घेतात. कुशिंगची शंका असेल तर रात्री अकराला डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी देतात आणि सकाळी कॉर्टिसोल मोजतात. निरोगी माणसात ते १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली जाते. नंतर गरजेप्रमाणे अंडाशयाची सोनोग्राफी, अॅड्रिनलचा सीटी किंवा पिट्युटरीचा एमआरआय.

उपायही आहेत. अंडाशयातली गाठ असो की नुसत्या वाढलेल्या पेशी, पाळी गेलेल्या बाईचे दोन्ही अंडाशय दुर्बिणीतून काढले की टेस्टोस्टेरॉन लवकर खाली येते. शस्त्रक्रिया झेपत नसेल तर गोळ्या किंवा इंजेक्शन. आलेले राठ केस एका दिवसात जात नाहीत, ते कमी व्हायला महिने लागतात, आणि जाडा झालेला आवाज पूर्ववत होईलच असे नाही. म्हणून लवकर येण्याला किंमत आहे. आणखी एक गोष्ट. जादा अँड्रोजनचे काही अंशी इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होते आणि ते गर्भाशयाच्या अस्तराला वाढवत राहते. अशा बाईला पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, एक डाग का असेना, तर पिशवीची तपासणी लांबवायची नाही.

निवृत्तीनंतर कुशिंग येलला गेले. आयुष्यभर सिगारेट ओढल्याने पायांच्या रक्तवाहिन्या आखडल्या होत्या, चालणे कठीण झाले होते. जुन्या वैद्यकीय ग्रंथांचा त्यांचा मोठा संग्रह होता, विशेषतः शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसालियसचा. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, मिळाले कधीच नाही. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी हृदयविकाराने ते गेले. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूत एक लहानशी, त्रास न देणारी गाठ सापडली. दोन हजार गाठी काढलेल्या सर्जनच्या डोक्यात ती कधीपासून होती, कोणास ठाऊक.

मिनी जी. त्यांच्यानंतरही जगली. तिच्या पिट्युटरीवर कधीच शस्त्रक्रिया झाली नाही, आणि तिथे खरोखर गाठ होती का, हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. ज्या आजाराला कुशिंग यांचे नाव आहे, त्याच्या पहिल्या रुग्णाच्या बाबतीत त्यांचा निष्कर्ष चुकलेलाही असू शकतो. आज काही तज्ज्ञ तिचा दोष अॅड्रिनलमध्ये असावा असे मानतात. त्यांना तसे मानता येते, कारण तिचे वय, तिची पाळी, तिच्या अंगावरचे वळ आणि हनुवटीवरचे केस, सगळे १९१२ च्या त्या पुस्तकात नोंदलेले आहे.

कुशिंग यांनी जमवलेले मेंदूंचे नमुने आणि रुग्णांच्या फोटोंच्या हजारो काचा बरीच वर्षे येलच्या विद्यार्थी वसतिगृहाच्या तळघरात धूळ खात पडल्या होत्या. त्या बाहेर काढून साफ करण्यात आल्या आणि २०१० पासून विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयात मांडल्या आहेत. काचांवर बायका आहेत, पुरुष आहेत, मुले आहेत. बहुतेक जण सरळ कॅमेऱ्याकडे पाहतात.